सत्ताविसावा चहा

दुपारचे तीन वाजले की संगप्पा सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातो, हे लातूरच्या सगळ्या गंजगोलाई बाजाराला ठाऊक होतं. "माणिकप्पाचा जावई लई भाविक," असं बाया एकमेकींना सांगायच्या. कसला भाविक न् कसलं काय! पहिली पाच वर्षं जायचा बिचारा खरंच. पण गेल्या सालापासून गोलाईचं वळण ओलांडलं की हा बाबा खिशातून रुमाल काढायचा, कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे खसाखसा पुसायचा, मागंपुढं बघायचा आणि कुठल्यातरी हाटेलात शिरायचा. चहा प्यायला.

आता तुम्ही म्हणाल, चहाच पीत होता ना, दारू तर नव्हे, मग एवढी चोरी कशाला? तर त्याचं असं होतं, की संगप्पाच्या सासऱ्याचं गोलाईत स्वतःचं हाटेल होतं. पाटी नव्हती. माणिकप्पाचं हाटेल म्हटलं की लहान पोरसुद्धा बोट दाखवायचं. आणि माणिकप्पांचा एक कायदा होता. "आपल्या घरच्या माणसानं दुसऱ्याच्या हाटेलात चहा प्याला नाही पायजे. लोकांनी बघितलं तर काय मनतील? ह्येच्या घरचा चहा ह्येच्याच माणसाला गोड लागंना झालाय." हे ते रागावून कधीच म्हणायचे नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि तीच तर खरी पंचाईत होती.

रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. माणिकप्पा कधी भांडले नाहीत. संगप्पा शिरूर अनंतपाळचा, चार भावांतला धाकटा. लग्न ठरलं तेव्हा माणिकप्पा त्याच्या वडलांना म्हणाले होते, "मला लेक एकच. तुमचं पोरगं मला जावई नगं, ल्योक मनून द्या." दिलं. तेव्हापासून दर दसऱ्याला नवे कपडे, ताटात पहिली भाकरी, चारचौघांत "आमचे जावईबापू" आणि पहाटे चारला जिन्याखालून हाक, "संगप्पा, भट्टी!" पहाटे चारची एक आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळची एक. मधे दुपारचे दोन तास तेवढे मोकळे, तेही देवाच्या नावावर. काही मागायला गेलं की माणिकप्पा हसून म्हणायचे, "मागता कामून? समदं तुमचंच हाय की." समदं त्याचंच होतं, फक्त हाताला काही लागत नव्हतं. आणि लोक वर म्हणायचे, संगप्पानं नशीब काढलं!

राहायला हाटेलावरच दोन खोल्या. मधे फळ्यांची आडभिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. अलीकडं संगप्पा आणि त्याची बायको गौरम्मा, पलीकडं माणिकप्पा आणि सासू मल्लम्मा. गौरम्मा आईला अव्वा म्हणायची. मल्लम्माचं एक अंग तीन वर्षांमागं लुळं पडलं होतं, तिचं सगळं गौरम्माच करायची. नवरा-बायको काही बोलायला लागले की पलीकडून माणिकप्पांचा खोकला यायचा. वाईट हेतूनं नव्हे, नुसता खोकला. पण त्या खोकल्यानं शब्द घशातच राहायचे. सहा वर्षांत दोघं इतकं कमी बोलले होते, की बायकोला काय हवं, काय नको, हे संगप्पानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिच्या हातचा चहासुद्धा त्यानं कधी चाखला नव्हता. घरातला चहा खालून किटलीत भरून वर यायचा. हाटेलवाल्याच्या घरात चहाला आधण ठेवायचं म्हणजे काय!

त्यात तो दुष्काळ. श्रावण अर्धा सरला तरी आभाळात ढग नव्हता. माणिकप्पांच्या परसात गोड्या पाण्याची विहीर होती. त्यांच्या चहाचं सगळं नाव त्या पाण्यावर. पाणी खाली गेलं तसं त्यांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. विहिरीचं पाणी हाटेलाला. घरच्यांनी टँकरचं मचूळ पाणी प्यायचं. "गिऱ्हाईक तुटलं तर खायचं काय?" माणिकप्पा विचारायचे, आणि त्यावर कुणाला काही उत्तर देता यायचं नाही. त्यांच्या प्रत्येक बोलण्याचं तसंच होतं.

पण बाहेर लातूर बदलत होतं. लातूर जिल्हा झाला आणि एका वर्षात गावात नुसता सुळसुळाट झाला साहेबांचा, कारकुनांचा आणि चपराशांचा. कुणी उस्मानाबादहून आलेलं, कुणी औरंगाबादहून, कुणी नांदेडहून, आणि प्रत्येकाची जीभ निराळी. कचेरीचा फलक लागला की आठ दिवसांत तिच्या दारात हाटेल उभं राहायचं. संगप्पानं मोजली होती, गावात सव्वीस हाटेलं. आणि सव्वीसच्या सव्वीस ठिकाणी तो चहा प्याला होता.

बसस्टँडसमोर बसवराज नावाच्या उदगीरवाल्याचं हाटेल, तिथल्या चहात वेलदोडा इतका, की पुढचा तासभर ढेकरही वेलदोड्याचा. नव्या कचेरीजवळ उडप्याचं हाटेल, स्टीलच्या पेल्यात फेसाळ कॉफी मिळायची आणि चहा मागितला तर वेटर कीव केल्यासारखा बघायचा. जुन्या गंजात एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान, आटवलेल्या दुधाचा दाट चहा, सोबत उस्मानिया बिस्कुट, आणि "बैठो बेटा, जल्दी क्या है?" असं विचारणं. एका हुशार माणसानं तर 'कॅफे' अशी पाटी लावली होती. तिथं पंखा होता, गाणी होती, भिंतीवर हिमालयाचं चित्र होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'आधी चहा सांगावा, मग पाणी मागावे.'

संगप्पाची जीभ भारी. एका घोटात तो सांगायचा, दूध म्हशीचं आहे का मिसळीचं, भुकटी दुसऱ्यांदा उकळलीय का, एवढंच नव्हे तर पाणी कुठल्या विहिरीचं. एकदा उडप्याकडं बसल्या बसल्या तो सहज पुटपुटला, "आज पाणी बदललंय. काल रेल्वे लाइनीकडचं हुतं." शेजारच्या बाकावरचा माणूस उठून गल्ल्यावर विचारून आला आणि डोळे विस्फारून संगप्पाकडं बघत राहिला. तो रामकिशन. मुदखेडचा, कलेक्टर कचेरीत कारकून, नांदेडहून नुकताच बदलून आलेला, बायकापोरं गावाकडं ठेवून एका खोलीत राहणारा. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली.

"मी तर एकटा जीव," रामकिशन एकदा म्हणाला. "हाटेलातच जेवून राहिलो, हाटेलातच चहा पिऊन राहिलो. पण तुझ्या सासऱ्याचं हाटेल असताना तू कामून गावभर फिरून राहिला?"

संगप्पानं कपातल्या चहाकडं बघितलं. "हितं मला कुणी जावई मनत न्हाई," तो म्हणाला. "पैसे ठिवतो, चहा पितो, उठतो. कुणी मनत न्हाई, समदं तुमचंच हाय. लई बरं वाटतं, रामकिशन. न्हाईतर गळ्यात दावं बांधल्यावानी झालंय. दावं रेशमाचं हाय, एवढंच."

रामकिशन कारकून असला तरी मनाचा चांगला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एक चिठ्ठी आणली. त्याच्या चुलतभावाचं नांदेडला रेल्वे स्टेशनसमोर हाटेल होतं, त्याला चहातला जाणकार माणूस हवा होता. झोपायला माळ्यावर जागा, एकट्यापुरती. मंगळवारी सकाळची नांदेडची एस्टी धरायची, असं त्यानं मनात पक्कं केलं. गौरम्माला सांगायचं नाही. सांगणार कसं, आणि ती आजारी आईला सोडून येणार कशी? आधी आपण जाऊ, तिचं मग बघू. हे 'मग बघू' पुरुषांना फार सोपं जातं बघा. चिठ्ठी त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि आठ दिवस तो सदरा अंगावरून उतरू दिला नाही, एकदा धुवायला दिला तेवढाच. तेव्हाही चिठ्ठी काढून घ्यायला विसरला आणि संध्याकाळी वाळलेल्या सदऱ्याच्या खिशात ती जशीच्या तशी कोरडी सापडली, तेव्हा त्यानं देवाचे आभार मानले. देवाचे! पुरुषाची अक्कल बघा.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाची नोटीस निघाली. मैदानावर खाद्यजत्रा भरणार होती. धपाटे, हुग्गी, शेंगोळे, गुळपोळ्या, असे सत्तर गाळे. आणि चहाची स्पर्धा. नोटीस माणिकप्पांनीच हाटेलात मोठ्यानं वाचून दाखवली, कारण ते हाटेल मालक संघाचे अध्यक्ष होते. "पयल्या नंबराला नव्या कलेक्टर कचेरीचं कँटीन, एक वर्सासाठी. मागं ऱ्हायला दोन खोल्या. कुणालाबी भाग घेता यील, बायामाणसांनाबी." चष्मा काढून ते हसले. "मी अध्यक्ष, मला काय भाग घेता येत न्हाई. आन् माझ्या चहाला नंबर देणारा अजून जन्माला यायचाय." वर जिन्याच्या तोंडाशी गौरम्मा किटली घ्यायला उभी होती. ती तशीच उभी राहिली आणि किटलीतला चहा निवला.

स्पर्धेचं सगळं काम होतं रामकिशनकडं. त्यानं संगप्पाला गाठलं. "तीन परीक्षक. एक निवृत्त हेडमास्तर, एक डॉक्टरीणबाई. त्यांना काय कळतंय चहातलं? तिसरा तू. नाव शेवटपर्यंत गुपित, कनातीच्या आड बसायचं, बशीखाली नंबर असतील, चहा कुणाचा ते आम्हालाच ठाऊक."

"अन् सासऱ्यांना कळलं तर?"

"कळू दे की. दुसऱ्या दिवशी तर तू नांदेडला."

संगप्पाला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं! जाता जाता एकदा आपल्या जिभेला मान मिळतोय, तर मिळू दे. तो हो म्हणाला.

श्रावणी सोमवार उजाडला. सकाळी सातलाच गौरम्मा डोक्यावरून पदर घेऊन खाली आली आणि बापाला म्हणाली, "अप्पा, मी शिद्धेश्वराला चाललेय. आज दिवसभर तितंच बसन. शेजारच्या काकू अव्वाकडं ऱ्हातील." दुपारी संगप्पाही म्हणाला, मी सिद्धेश्वराला चाललोय. माणिकप्पांना भरून आलं. लेक-जावई दोघंही भक्तीला लागले! त्या घरात सिद्धेश्वराच्या नावावर काय काय खपत होतं, ते एका सिद्धेश्वरालाच माहीत.

कनातीच्या आत उकाडा मी म्हणत होता. बाहेरून तव्याचे, माणसांचे, लाउडस्पीकरचे आवाज येत होते. स्पर्धेत चौदा जण होते. दुष्काळामुळं एक नियम कडक होता. सकाळी आठला प्रत्येकाला एकाच टँकरमधली एक-एक घागर मोजून मिळाली होती; घरचं पाणी चालणार नव्हतं. तेच मचूळ, खारट पाणी सगळ्यांना. आणि तीन वाजता चहा पुढं यायचा.

पहिला कप आला. वेलदोडा. संगप्पानं मनात म्हटलं, बसवराज. दुसरा उडप्याचा असणार, फेसच फार. तिसऱ्यात आलं टाकलं होतं आणि खाऱ्या पाण्यानं दूध नासलं होतं, कपाच्या कडेला कणी धरली होती. चौथा, पाचवा, सहावा. सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या तळाशी तोच टँकर. पाणी लपवायला कुणी साखर ओतली होती, कुणी मसाला. सव्वीस हाटेलं फिरलेल्या जिभेला काय नवं सापडणार? हेडमास्तर प्रत्येक कपाला "वा" म्हणत होते.

मग सातवा कप आला.

संगप्पानं घोट घेतला आणि कप खाली ठेवायचं विसरला. गुळाचा चहा होता. गुळाचा, आणि तरीही दूध फाटलेलं नव्हतं. म्हणजे करणाऱ्यानं भांडं खाली उतरवून, जरा थांबून, मग गूळ टाकला होता. सुंठ होती, आलं नव्हतं, कारण आल्यानं दगा दिला असता. आणि पाणी! पाण्याचा खारटपणा गेला कुठं? त्यानं दुसरा घोट तोंडात घोळवला. पाणी आधी खळखळून उकळलं होतं, मग तासन् तास निवळत ठेवलं होतं, आणि खालचा पांढरा गाळ हलू न देता वरचं तेवढं अलगद गाळून घेतलं होतं. एवढी उठाठेव हाटेलात कुणी करत नाही. हे रोजच्या सरावाचं काम होतं. ज्याच्या वाट्याला रोज वाईटच पाणी येतं, आणि तरीही एका माणसाला चांगला चहा पाजायचाच असतो, त्याचं हे काम. हा चहा गिऱ्हाइकासाठी शिकलेला नव्हता.

संगप्पाच्या डोळ्यांत एकाएकी पाणी आलं. त्याची त्यालाच लाज वाटली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "धूर गेला डोळ्यात." आणि कागदावर सातापुढं त्यानं दहापैकी दहा लिहिले. उरलेले सात कप त्यानं चाखले खरे, पण चव सातव्याचीच जिभेवर राहिली. बाकी दोघांनी चिकित्सा केली नाही, तिघांचा पहिला नंबर सातच ठरला. दुसरा बसवराज.

"ही बाई आहे बरं का," रामकिशन हळूच म्हणाला. "सकाळी सगळे पाणी झाकून गप्पा मारत बसले, हिनं आठलाच उकळलं अन् दुपारपर्यंत घागरीपाशी नुसती बसून राहिली. लोक हसून राहिले होते. मल्लम्मा नाव दिलंय, गोलाईजवळची."

मल्लम्मा! सासूचंच नाव. पण लातुरात मल्लम्मा काय एक आहेत? ती आपली मल्लम्मा तर खाटेवरून उठत नाही. त्यानं तो विचार झटकला.

साडेचारला बक्षीस समारंभ. व्यासपीठावर मोठे साहेब, शेजारी फेटा बांधून हाटेल मालक संघाचे अध्यक्ष माणिकप्पा. रामकिशननं माइक हातात घेतला आणि उत्साहाच्या भरात घोटाळा केला. "आमचे तिसरे परीक्षक संगप्पा! या शहरातल्या सव्वीसच्या सव्वीस हाटेलांत स्वतः जाऊन चहा पिऊन आलेला लातुरातला एकमेव माणूस!"

टाळ्या पडल्या. संगप्पा पायऱ्या चढला, तेव्हा सासऱ्याची नजर त्याच्या कपाळावर खिळली होती. विभूती घामानं कधीच गेली होती. माणिकप्पांचे ओठ हलले, बहुतेक सव्वीस म्हणत असावेत.

"आणि पहिला क्रमांक, सात नंबर, मल्लम्मा!"

बायांच्या घोळक्यातून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वर आली. चेहरा खाली होता, पण चाल संगप्पाच्या ओळखीची होती. तिच्या हाताला धूर आणि गूळ लागलेला होता. ती गौरम्मा होती. तिनं मान वर केली, समोर परीक्षकाच्या खुर्चीत आपला नवरा बघितला, आणि तिचा चेहरा असा उतरला की संगप्पाला ते बघवलं नाही. तिला एका क्षणात सगळं कळलं होतं. त्याला अजून कळायचं होतं.

साहेब हसत हसत कँटीनची किल्ली पुढं करत होते. नवी कोरी, पितळी, लाल दोऱ्यात बांधलेली. गौरम्मानं हात पुढं केलाही. गर्दीत कुणाला काही पत्ता नव्हता. जिना न उतरणारी बाई ती, तिला ओळखणार कोण? बस, हाताभराचं अंतर होतं.

आणि माणिकप्पा उठले.

"साहेब, थांबा." त्यांचा आवाज शांत होता, नेहमीसारखाच. "अध्यक्ष मनून मला खोटं चालायचं न्हाई. ही मल्लम्मा न्हाई. मल्लम्मा माझी बायकू. ही माझी लेक गौरम्मा. आन् ह्यो परीक्षक तिचा नवरा, माझा जावई. नवऱ्यानं बायकूला नंबर द्यायचा, ह्यो कुठला न्याय? माझं घर असलं तरी चूक ती चूक."

"मामा, मला ठाऊक न्हवतं!" संगप्पा ओरडला. "देवाशप्पत, साहेब, मला खरंच ठाऊक न्हवतं!"

पण कोण ऐकतंय? नवऱ्याला बायकोच्या हातचा चहा ओळखू येत नाही, हे कोण खरं मानणार? लोक हसायला लागले. मागून कुणीतरी शिट्टी घातली. रामकिशन तोंडात मारल्यासारखा उभा. साहेबांनी किल्ली मागं घेतली आणि बसवराजच्या हातात दिली. मग त्यांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, असा नि:स्पृह माणूस आपल्या नव्या जिल्ह्याला भूषण आहे, स्वतःच्या लेकीचीही ज्यानं गय केली नाही! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. माणिकप्पांच्या गळ्यात हार पडला. हार घेताना ते लेकीकडंच बघत होते. लेक कँटीनवर राहायला गेली तर म्हातारपणी आपण एकटे पडणार, ही त्यांची भीती संगप्पाला त्या नजरेत स्पष्ट दिसली. तरीही त्याला त्यांची कीव आली नाही. त्याला त्यांचा संताप आला, सहा वर्षांचा साठलेला, आणि तो काढायला जागाच नव्हती. खरं बोलणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं?

दोघं चालत घरी आले. ती चार पावलं मागं. वर आल्यावर काकू निघून गेल्या. आडभिंतीच्या पलीकडून मल्लम्माचा जड आवाज आला, "गौरा, काय झालं गं?"

"पयला नंबर आला, अव्वा."

"मग कवा जायचं, कँटीनवर?"

गौरम्मा चुलीपाशी गेली. तिथं एक झाकलेलं पातेलं होतं, पहाटेचं निवळलेलं पाणी. तिनं ते न हलवता वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घेतलं आणि चूल पेटवली. संगप्पा बघत राहिला. रोज पहाटे तो खाली भट्टी पेटवायचा, तेव्हा वर ही आईसाठी हा चहा करत होती. डोक्यावरच्या फळ्यांपलीकडं. आणि तो सव्वीस हाटेलं धुंडाळत होता.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला. "एका शबुदानं सांगायचं, गौरा. मी परीक्षकच झालो नसतो."

"आन् तुमी सांगितलं?"

माणिकप्पा अजून आले नव्हते. पलीकडं खोकला नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदा ते दोघं न दबकता बोलत होते. संगप्पानं आतल्या खिशातून चिठ्ठी काढली. "मी उद्या नांदेडला निघालो हुतो. एकलाच. तुला न सांगता." बोलताना त्याची मान वर होईना.

"ठाऊक हाय," गौरम्मा म्हणाली. "सदरा धुताना मीच काढून ठिवली हुती ती. वाळल्यावर परत घातली." तिनं भांडं खाली उतरवलं. "मनून तर स्पर्धेत नाव दिलं. मनलं, हितंच गावात दोन खोल्या मिळाल्या, तर अव्वाला घिऊन जाता यील, आन् तुमाला मला सोडून जायची पाळी येनार न्हाई. अव्वा मनली, माझं नाव घाल. आमी दोघी रोज तुमच्याच मनातलं बोलत हुतो."

संगप्पा भिंतीला टेकून खाली बसला. आपण पळून जायचा रस्ता शोधत होतो तेव्हा ही आपल्याला राहायला घर शोधत होती. आणि तिनं शोधलेल्या घराला आपणच आपल्या जिभेनं कुलूप घातलं. त्याला रडू आवरेना, आणि त्यानं आवरलंही नाही.

गौरम्मानं थोडा वेळ जाऊ दिला. मग गूळ टाकला, ढवळला, पहिला कप आईला पाजून आली आणि दुसरा नवऱ्यापुढं ठेवला. "उद्याची एस्टी हाय," ती म्हणाली. "जायचं तर जावा. मी अडवनार न्हाई."

त्यानं कपाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "कुठं जाऊ? सातव्या नंबराचा चहा नांदेडात कुठं मिळायचाय?" चिठ्ठी त्यानं तिच्या हातात दिली. तिनं ती गुळाच्या डब्याखाली सरकवली. फाडली नाही.

खाली दिवे लागले. जिन्याखालून हाक आली, नेहमीच्या शांत आवाजात, जणू काही घडलंच नव्हतं. "संगप्पा, भट्टी!"

संगप्पानं एक घोट घेतला.

"जावईबापू! गिऱ्हाईक बसलंय की!"

"चहा पिऊन येतो," संगप्पानं वरूनच मोठ्यानं सांगितलं.

माणिकप्पांनी खालून विचारलं, "कुणाचा?"

"दुसरीकडचा."

संगप्पानं चहा सावकाश संपवला, तळाचा गूळसुद्धा सोडला नाही. मग रिकामा कप चुलीपाशी ठेवला, कपाळाला विभूती लावली आणि तो जिन्याकडं वळला. जायचं तर होतंच खाली. दुसरं कुठं जाणार?

दोन पायऱ्या उतरला तेवढ्यात मागून गौरम्मा म्हणाली, "कँटीनचा ठेका वर्साचाच हाय."

तो थांबला.

"पुढल्या साली तुमी तेवढं परीक्षक हू नका," ती म्हणाली आणि उद्याच्या पाण्यासाठी पातेलं घासायला घेतलं.